इव्हान्जेलिन : एका नावातील निरोप

काही महिन्यांपूर्वी वसईकडील एका वाचक भगिनींचे पत्र आम्हांस आले. घरात नात जन्मली होती, बाप्तिस्म्याची तारीख ठरावयाची होती आणि मुलीच्या आईबापांनी 'इव्हान्जेलिन' हे नाव पसंत केले होते. मुलीच्या आत्याने मात्र आक्षेप घेतला. कॉलेजात असताना तिने लाँगफेलोची ती इंग्रजी दीर्घकविता वाचली होती. साखरपुडा झाला न झाला तोच जिची ताटातूट झाली आणि पुढे जन्मभर जी वणवण फिरली, तिचे नाव पोरीला कशाला, असे तिचे म्हणणे. आजीबाईंनी आम्हांला तीन प्रश्न विचारले : या नावाचा अर्थ काय, या नावाची कोणी संत होऊन गेली काय, आणि हे नाव अभागी समजावे काय?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पोस्टकार्डावर मावली असती. तिसऱ्यासाठी मात्र कपाटातून कविता काढून ती पुन्हा एकदा मुळापासून वाचावी लागली. वाचता वाचता असे ध्यानात आले की, हे तिन्ही प्रश्न वस्तुतः एकच आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

शब्दापासून आरंभ करू. ग्रीक भाषेत 'आंगेलोस' म्हणजे निरोप पोचविणारा. देवदूताला 'एंजल' हे नाव याच शब्दावरून पडले. पंख त्याला चित्रकारांनी दिले, शब्दात पंख नाहीत, केवळ निरोप आहे. या शब्दाला 'एउ', म्हणजे चांगले, शुभ, हा उपसर्ग लागून 'एउआंगेलिओन' झाला. लॅटिनमध्ये त्याचेच 'इव्हान्जेलियुम' झाले, पोर्तुगीजांच्या तोंडून तो गोव्यात उतरला आणि कोकणी बांधव आजही 'वांजेल' म्हणतात. आपण मराठीत त्याला शुभवर्तमान म्हटले, सुवार्ताही म्हटले. येथे आम्हांला एका गमतीच्या योगायोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मराठी ख्रिस्ती वाचकाला 'निरोप्या' आणि 'सुवार्ता' ही दोन मासिके परिचयाची आहेत. पैकी 'निरोप्या' १९०३ साली जर्मन येशूसंघीय धर्मगुरू फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केला. ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवली की 'आंगेलोस' आणि 'एउआंगेलिओन' या दोन्ही ग्रीक शब्दांचे सरळ मराठी भाषांतर हाती येते. इव्हान्जेलिन या नावाचा कोश आपल्या घरातच होता म्हणावयाचा!

या शब्दाचा जुना इतिहासही पाहण्यासारखा आहे. होमरच्या 'ओडिसी'मध्ये तो शुभ बातमी या अर्थाने येत नाही. शुभ बातमी आणणाऱ्याला द्यावयाच्या बक्षिसीला तेथे हा शब्द योजला आहे. आणि ती बातमी कोणती, तर वर्षानुवर्षे परागंदा झालेला पती घरी परतत आहे, ही. वाचकांनी हा संदर्भ मनात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

जुन्या करारातही शुभ निरोप्याचे चित्र आहे. यशया संदेष्ट्याच्या बावन्नाव्या अध्यायात डोंगरांवरून धावत येणाऱ्या निरोप्याच्या पावलांचे कौतुक आहे, ते सर्वांना ठाऊक असते. पण त्याच ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायात, नवव्या वचनात, उंच पर्वतावर चढून मोठ्याने ओरडण्याची आज्ञा जिला होते ती निरोप्या मूळ हिब्रू व्याकरणाप्रमाणे स्त्रीलिंगी आहे. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरातही ते स्त्रीलिंग तसेच टिकून आहे. अडुसष्टाव्या स्तोत्रातील विजयाची वार्ता सांगणारा समुदायही हिब्रूमध्ये स्त्रियांचाच आहे. तेव्हा शुभवर्तमान आणणारी स्त्री ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील कोण्या अमेरिकन कवीच्या डोक्यातून निघाली, असे मुळीच नव्हे. ती पवित्र शास्त्रात होतीच. तिला मुलीच्या नावाचे रूप मात्र फार उशिरा मिळाले.

पुरुषांचे नाव म्हणून 'इव्हान्जेलिस्ता' इटलीत रूढ होते. पाऱ्याचा वायुभारमापक बनविणारा शास्त्रज्ञ टोरिचेल्ली याचे पाळण्यातील नाव हेच. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत 'इव्हान्जेलिना' हे नाव आढळते. परंतु फ्रेंच वळणाचे 'इव्हान्जेलिन' हे रूप इंग्रजी जगाच्या परिचयाचे झाले ते १८४७ साली, हेन्री वड्स्वर्थ लाँगफेलो यांच्या 'इव्हान्जेलिन : अ टेल ऑफ अकादी' या काव्यामुळे. त्यापूर्वी इंग्रजी भाषिकांत हे नाव जवळजवळ कोणी ठेवीत नव्हते. त्यानंतर ठेवू लागले.

हे नाव कवीला चटकन सुचलेले नाही. ७ डिसेंबर १८४५ च्या रोजनिशीत त्यांनी आपली अडचण टिपून ठेवली आहे. घरात दोन आठवड्यांचा मुलगा होता; पण नाव शोधणे चालले होते ते त्याचे नव्हे, नव्या कवितेचे. त्यांच्यापुढे तीन नावे होती : गॅब्रिएल, सेलेस्टीन आणि इव्हान्जेलिन. पैकी गॅब्रिएल हे फ्रेंचमधले स्त्रीनाम. पुढे काय झाले ते आपण जाणतो. नायिकेला इव्हान्जेलिन हे नाव मिळाले आणि गॅब्रिएल हे तिच्या वराचे नाव म्हणून काव्यात राहिले.

आमच्या मते या काव्याची गुरुकिल्ली येथे आहे, आणि टीकाकारांनी तिच्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. मरियेला निरोप आणणारा देवदूत गब्रिएल. त्याने आणलेला निरोप म्हणजे शुभवर्तमान. लाँगफेलो यांनी निरोप्या आणि निरोप यांची दोन माणसे केली, त्यांचे लग्न ठरविले आणि लग्नाच्या उंबरठ्यावर त्यांची ताटातूट केली. निरोप्या एका जहाजात, निरोप दुसऱ्या जहाजात. कवीने हे सारे जाणूनबुजून केले की नावांच्या नादमाधुर्याने त्याला तेथवर ओढत नेले, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. काव्यात ते घडले आहे, एवढे पुरे.

मूळ दंतकथेत नायिकेला नावच नव्हते, हेही येथे सांगावयास हवे. बोस्टनकडील एक अँग्लिकन पंथीय धर्मगुरू होरेस कॉनोली यांनी ही कथा आधी कादंबरीकार हॉथॉर्न यांना सांगितली. हॉथॉर्न यांच्या टिपणवहीत ती चार ओळींत आहे. अकादीतील एक जोडपे, लग्नाच्याच दिवशी गावातील पुरुषांना चर्चमध्ये बोलावून हद्दपार केले जाते, नवरी जन्मभर नवऱ्याला शोधीत फिरते, म्हातारपणी तो मृत्युशय्येवर सापडतो आणि त्या धक्क्याने तीही प्राण सोडते. हॉथॉर्न यांना यात कादंबरी दिसली नाही. लाँगफेलो यांच्या घरी जेवणाच्या मेजावर कॉनोलींनी ती पुन्हा सांगितली, तेव्हा स्त्रीच्या एकनिष्ठेचे इतके सुंदर उदाहरण आपण ऐकले नाही असे वाटून लाँगफेलो यांनी ती मागून घेतली. त्या निनावी नवरीला नाव देणे आणि तिला धक्क्याने मरू न देणे, हे दोन बदल कवीचे स्वतःचे. दोहोंचा परस्परसंबंध आहे असे आम्हांला वाटते.

आता कथेची पार्श्वभूमी. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांत म्हणजे जुनी अकादी. हे नावही पुस्तकातून आलेले आहे. १५२४ साली व्हेराझानो या दर्यावर्दीने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या एका रम्य भागाला 'आर्केडिया' म्हटले. ते ग्रीक-लॅटिन गोपकाव्यांतील सुखी मुलुखाचे नाव. नकाशांवर ते उत्तरेकडे सरकत गेले आणि वाटेत त्यातील 'र' गळाला. तेथील मिगमॉ या मूळ रहिवाशांच्या भाषेतील स्थलवाचक प्रत्ययाशीही काही अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. तेथे वसलेले फ्रेंच कॅथलिक शेतकरी खाडीच्या भरतीला बांध घालून खारजमीन पिकवीत; बांधाच्या पोटातील झडपेतून गोडे पाणी ओहोटीला बाहेर जाई आणि भरतीचे खारे पाणी आत येत नसे. गोव्यातील खाजणशेती आणि तिची मानस पाहिलेल्या वाचकाला हे अधिक सांगावयास नको.

१७१३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला. बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घ्यावयास हे लोक तयार नव्हते. आम्ही तटस्थ राहू, एवढेच त्यांचे म्हणणे. १७५५ साली गव्हर्नर लॉरेन्स यांनी त्यांना उचलून देशोधडीला लावण्याचे ठरविले. ५ सप्टेंबर रोजी ग्रां प्रे गावच्या चर्चमध्ये ४१८ पुरुष व मुलगे जमा करून त्यांना हुकूम वाचून दाखविण्यात आला : जमिनी, गुरे, सर्व काही जप्त, तुम्ही हद्दपार. १७६३ पर्यंत दहा हजारांहून अधिक अकादी लोकांना अशा रीतीने हलविण्यात आले. कुटुंबे फुटली, पुष्कळ माणसे जहाजांतच दगावली. काही कुटुंबे पुढे लुइझियानात स्थिरावली. 'अकादियन' या शब्दाचेच तेथे 'केजन' झाले.

या इतिहासावर लाँगफेलो यांनी आपले काव्य उभे केले, आणि तेही होमरच्या षट्पदी वृत्तात. ग्रां प्रेमधील धनवान शेतकरी बेनेडिक्ट बेलफोंतेन यांची सतरा वर्षांची मुलगी इव्हान्जेलिन, आणि बेसिल लोहाराचा मुलगा गॅब्रिएल. गावात संध्याकाळी आंजेलुसची घंटा होते. हा तपशील कोणी वातावरणनिर्मिती म्हणून सोडून देईल. पण आंजेलुस म्हणजे गब्रिएल दूताच्या निरोपाचेच स्मरण, हे कॅथलिक वाचकाच्या नजरेतून सुटता कामा नये. गावकरी या मुलीला आणखी एका नावाने ओळखतात : संत युलालीचे ऊन. या संतेच्या सणाला, फेब्रुवारीत, ऊन पडले की त्या वर्षी सफरचंदांचा बहर मोठा, अशी फ्रेंच शेतकऱ्यांची समजूत. आता 'युलाली' या नावातही तोच 'एउ' आहे. अर्थ, गोड बोलणारी. नाव एक, शुभ निरोप आणणारी. टोपणनाव दुसरे, मधुरभाषिणी. आणि संपूर्ण काव्यात ही मुलगी बोलते किती? अगदी थोडे. किनाऱ्यावर गॅब्रिएलच्या खांद्यावर डोके ठेवून ती त्याला धीर देते, आपले एकमेकांवर प्रेम आहे तोवर काही बिघडत नाही अशा आशयाचे बोलते, आणि तेथून पुढे बहुतेक ऐकतच राहते.

मराठीत 'निरोप' या शब्दाला दोन अर्थ आहेत. धाडतो तोही निरोप आणि घेतो तोही निरोप. ग्रीकला किंवा इंग्रजीला ही सोय नाही. मराठी वाचकाने या शब्दाचा दिवा हाती घेऊन हे काव्य वाचावे, अशी आमची शिफारस आहे. कारण पहिल्या भागात नायिकेच्या वाट्याला येतो तो दुसऱ्या अर्थाचा निरोप, आणि सबंध दुसऱ्या भागात ती वाट पाहते पहिल्या अर्थाच्या निरोपाची.

तो येतच नाही असे मात्र नाही. तो येतो, पण शिळा होऊन येतो. फादर फेलिशियन या वृद्ध धर्मगुरूंबरोबर ती नावेतून मिसिसिपी उतरते. अचाफलायाच्या जलमय अरण्यात ती दमून झोपली असता गॅब्रिएलची नाव त्याच बेटाच्या दुसऱ्या अंगाने उलट दिशेने निघून जाते. बेसिलचे नवे घर सापडते, तर मुलगा त्याच दिवशी निघून गेलेला. त्याच्या मागावर ती पश्चिमेकडे जाते. येशूसंघीयांच्या मिशनवर कळते की, तो सहा दिवसांपूर्वी येथे बसला होता, शरद ऋतूत परतेल. ती तेथेच राहते. शरद जातो, हिवाळा जातो, वसंत येतो. मग कोणी मिशिगनचे नाव घेते. ती तेथे पोचते तेव्हा शिकाऱ्याची झोपडी ओस पडलेली आहे. आधी एक दिवस, मग सहा दिवस, मग काळाचा हिशेबच नाही. ही उतरती भाजणी लाँगफेलो यांनी फार संयमाने रचली आहे. त्यांच्यावर भाबडेपणाचा आरोप करणाऱ्या पुढील पिढीच्या टीकाकारांनी एवढा भाग तरी पुन्हा वाचावयास हवा होता.

येथे होमर आठवावा. परागंदा पती घरी येत आहे या बातमीची बक्षिसी, असा अर्थ असलेला शब्द; त्याच होमरच्या वृत्तात लिहिलेले काव्य; त्याच शब्दापासून घडलेले नायिकेचे नाव. आणि बातमी कधीच वेळेवर पोचत नाही. पेनलपी घरी बसून वाट पाहते आणि पती परततो. इव्हान्जेलिनला घर उरलेले नाही.

शेवटी ती फिलाडेल्फियात येते. वर्षे लोटतात, तारुण्य सरते. ती 'सिस्टर ऑफ मर्सी' होऊन गोरगरिबांची शुश्रूषा करू लागते. शहरात साथ येते. १७९३ च्या पिवळ्या तापाची ही साथ ऐतिहासिक आहे आणि तिच्यात सुमारे पाच हजार माणसे दगावली. एका रविवारी सकाळी अनाथालयातील रोग्यांमधून फिरताना तिच्या हातातील फुले गळून पडतात. समोर शय्येवर एक मरणोन्मुख वृद्ध आहे. तो गॅब्रिएल. तो उठू पाहतो. तिचे नाव उच्चारू पाहतो. ओठ हलतात, पण शब्द फुटत नाही, आणि तो जातो. ती त्याचे डोके उराशी धरते आणि मान लववून परमपित्याचे आभार मानते.

नायिकेचे नाव हे ज्या काव्याचे नाव, त्या काव्याच्या परमोच्च क्षणी ते नाव उच्चारले जात नाही! गब्रिएलच्या ओठांवर शुभवर्तमान येते आणि तेथेच विरते. संत योहानाच्या विसाव्या अध्यायातील बागेचा प्रसंग या ठिकाणी आम्हांला आठवतो. मरिया माग्दालेना प्रभूला ओळखते ती चेहऱ्यावरून नव्हे, त्याने तिला नावाने हाक मारल्यावर. मग लगेच तिला निरोप देऊन धाडण्यात येते. म्हणून तर ख्रिस्तसभा तिला प्रेषितांची प्रेषिता म्हणते, आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या बरोबरीने सणाचा दर्जा दिला. बागेत नाव उच्चारले जाते आणि स्त्री निरोप घेऊन धावते. अनाथालयात नाव अनुच्चारित राहते आणि स्त्री नम्रपणे आभार मानते. पहिले पुनरुत्थानाचे चित्र आहे, दुसरे क्रुसाखालचे. लाँगफेलो क्रुसापर्यंत आले, आणि मोठ्या आदराने आले. त्यापुढे ते गेले नाहीत.

काव्याचे दोषही झाकून ठेवू नयेत. 'सिस्टर्स ऑफ मर्सी' हा संघ कॅथरिन मॅकॉली यांनी १८३१ साली डब्लिनमध्ये स्थापन केला. १७९३ मध्ये त्याच्या धर्मभगिनी फिलाडेल्फियात असणे शक्य नव्हते. युनिटेरियन पंथाच्या कवीकडून झालेली ही चूक आम्ही सहज पोटात घालतो. चर्चमधील प्रसंगाची गोष्ट वेगळी. हुकूम ऐकून खवळलेल्या लोकांना फादर फेलिशियन वेदीपाशी उभे राहून शांत करतात, क्षमेची आठवण देतात, असे हृदयस्पर्शी दृश्य काव्यात आहे. प्रत्यक्षात त्या भागातील धर्मगुरूंना इंग्रजांनी ऑगस्टमध्येच पकडून नेले होते. त्या दिवशी चर्चमध्ये मेंढपाळ नव्हताच. कवीने तो पुरविला. आणि कळत-नकळत सैनिकांचे काम हलके केले.

याहून गंभीर गोष्ट अशी की, हुकूम वाचणारे कर्नल विन्स्लो आणि त्यांचे शिपाई इंग्लंडहून आलेले नव्हते, ते लाँगफेलो यांच्याच मॅसॅच्युसेट्सचे होते. जहाजेही बोस्टनच्या व्यापाऱ्यांमार्फत भाड्याने घेतलेली. काव्यात मात्र दोष सारा इंग्लंडच्या राजाकडे जातो. अमेरिकन वाचक आसवे ढाळतो, पण आपल्या आजोबांचा हात त्यात होता याची त्याला वार्ता नसते. शुभवर्तमान हे नाव धारण करणाऱ्या काव्याने अर्धी वार्ता दडवावी, हे आम्हांला खटकते.

पण ज्यांची ही कथा, त्या लोकांनी तिचे काय केले? एका प्रॉटेस्टंट प्राध्यापकाने, ग्रां प्रे डोळ्यांनी न पाहता, कल्पनेने निर्मिलेल्या या कॅथलिक मुलीला अकादी लोकांनी आपली लेक म्हणून घरात घेतले. १८६५ मध्ये पांफिल ले मे यांनी काव्य फ्रेंचमध्ये आणले. १८८७ साली नोव्हा स्कोशियात 'लेव्हांजेलिन' नावाचे वृत्तपत्र निघाले आणि ते १९८२ पर्यंत चालले. वृत्तपत्र म्हणजे वार्तांचे पत्र. नायिकेच्या नावाचा इतका नेमका अर्थ तिच्या कवीनेही लावला नव्हता! पांगलेल्या लोकांना एकमेकांची बातमी या नावाखाली मिळू लागली. या लोकांनी १८८१ साली स्वर्गोन्नयन मातेला आपली आश्रयदाती निवडले. तिचा सण १५ ऑगस्ट, तोच त्यांचा राष्ट्रीय दिवस. १९२० मध्ये ग्रां प्रे येथे इव्हान्जेलिनचा पुतळा उभा राहिला. ती मागे वळून पाहते आहे.

लुइझियानात तर गंमतच झाली. १९०७ साली फेलिक्स व्हुरीस या न्यायाधीशांनी 'इव्हान्जेलिनची खरी कथा' म्हणून एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात खऱ्या नायिकेचे नाव एमलिन लाबिश असल्याचे सांगितले. लोकांनी विश्वास ठेवला. सेंट मार्टिनव्हिल येथील चर्चच्या आवारात तिची कबर दाखविली जाऊ लागली. १९३१ मध्ये तेथे पुतळा बसला, त्याला चेहरा मात्र चित्रपटात इव्हान्जेलिनची भूमिका करणाऱ्या दोलोरेस देल रिओ या अभिनेत्रीचा. इतिहासकार कार्ल ब्रासो यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, एमलिनच्या कथेला जुन्या कागदपत्रांचा आधार नाही. म्हणजे कल्पित नायिकेचे खरे नाव म्हणून दुसरे एक कल्पित नाव! तरीही त्या कबरीपाशी फुले वाहणाऱ्यांना हसावे असे आम्हांला वाटत नाही. बेपत्ता झालेल्या हजारो आज्यांपैकी एकीची तरी कबर हवी, ही भूक खोटी नव्हती.

साहित्यात हे नाव लगेचच पुढे गेले. हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ मधील 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीतील छोटी ईवा हिचे पूर्ण नाव इव्हान्जेलिन सेंट क्लेअर. तेथे मुलीचा बापच तिच्या नावाचा अर्थ ओळखतो आणि ही आपल्यासाठी शुभवर्तमान होऊन आली, असे मनाशी म्हणतो. पुढे मुक्तिफौजेचे संस्थापक विल्यम बूथ यांची कन्या, जिला घरी ईवा म्हणत, तिने अमेरिकेत गेल्यावर इव्हान्जेलिन हे नाव घेतले. १९३४ ते १९३९ या काळात ती मुक्तिफौजेची जनरल होती, आणि त्या पदावर आलेली पहिली स्त्री. ही इव्हान्जेलिन हजारोंच्या सभांत बोलली. नावातील स्त्रीलिंगी निरोप्या पुन्हा पर्वतावर चढली असे म्हणावयास हरकत नाही.

अकादी लेखिका आंतोनिन मायये (१९२९–२०२५) यांना मात्र लाँगफेलोची ही सोशिक कन्या मानवली नाही. १९७५ मध्ये त्यांनी 'एव्हांजेलिन द्यूस' हे नाटक लिहिले. त्यातील दुसरी इव्हान्जेलिन ऐंशी वर्षांची आहे, माँट्रियलच्या बागेत बसते आणि भरपूर बोलते. 'पेलाजी-ला-शारेत' या त्यांच्या कादंबरीला १९७९ चे गोंकूर पारितोषिक मिळाले. तिची नायिका पेलाजी जॉर्जियाच्या शेतांतून बैलगाडी जोडून निघते आणि दहा वर्षे वाट तुडवीत आपल्या माणसांना अकादीकडे परत आणते. ती कोणाला शोधीत नाही, लोकांना गोळा करते. मायये यांचा राग रास्त आहे. हद्दपार केलेल्या लोकांना सहनशीलतेचे प्रशस्तिपत्र देणे हे हद्दपार करणाऱ्यांना नेहमीच सोयीचे असते. तथापि एका मुद्द्यावर आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. साथीच्या काळात परक्या शहरात रोग्यांच्या उशाशी जाणारी ती प्रौढ स्त्री निष्क्रिय नव्हे. एकाला शोधण्यासाठी निघालेली पावले तोपर्यंत अनेकांच्या दारी जाऊ लागली होती; आणि पावले ही तर यशयाच्या निरोप्याची खूण. ज्या अनाथालयात गॅब्रिएल सापडतो तेथे ती त्याला शोधण्यासाठी आलेली नव्हती. आत्याबाईंच्या आक्षेपाला आमचे उत्तर काव्यातील याच प्रसंगात आहे.

आजीबाईंना आम्ही पुढीलप्रमाणे लिहिले. नावाचा अर्थ, शुभ निरोप आणणारी. या नावाची कोणी सुप्रसिद्ध संत नाही. १९१७ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे अशा वेळी धर्मगुरू संताचे नाव जोडीला देत आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दोन्ही लिहीत. १९८३ च्या संहितेचे ८५५ वे कलम एवढेच सांगते की, नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे. शुभवर्तमान परके कसे असेल? नामदिनासाठी सण हवाच असेल तर २५ मार्च हा निरोपाच्या सोहळ्याचा दिवस घ्यावा. नोंदवहीत नाव पूर्ण लिहवून घ्यावे. घरी ईवा म्हणा, लीना म्हणा, पण आठवड्यातून एकदा तरी मुलीला पूर्ण नावाने हाक मारावी.

पत्रासोबत कवितेची आमची जुनी प्रत आत्याबाईंसाठी पाठविली आहे. शेवटच्या भागात खूण घातली आहे. वाचून झाल्यावर ती परत केली नाही तरी चालेल, असे कळविले आहे.